मदत हवी आहे: सलाइनमधलं औषध गोळीवर आणायचा निर्णय अडतो

नमस्कार. तालुक्याच्या गावातल्या ६० खाटांच्या धर्मादाय रुग्णालयात मी फार्मासिस्ट आहे. केसपेपर हातानेच लिहिले जातात.

तीन महिने रोज सकाळी औषधांचे तक्ते तपासतेय. सगळ्यात जास्त पैसा जातो तो विनाकारण शिरेतून चालू राहिलेल्या अँटिबायोटिक्समध्ये. परवा सर्जरी वॉर्डात एक आजोबा खाटेवर बसून आमटी-भाकरी खात होते आणि शेजारी मेट्रोनिडाझोलची बाटली थेंब थेंब चालू! हे औषध, तसंच लिव्होफ्लॉक्सासिन आणि लिनेझोलिड, गोळीतूनही जवळजवळ पूर्ण शोषलं जातं. बाटली, आयव्ही सेट, सिस्टरांचा वेळ वाचतोच, पण मला सुईमुळे सुजलेल्या त्या हाताचं जास्त वाटतं.

४८ तासांनी ‘फेरतपासणी’ असा शिक्का केसपेपरवर मारून पाहिला. मेडिसिनच्या सरांनी लगेच मानलं. सर्जरीचे मानद डॉक्टर मात्र रात्री आठनंतर राउंडला येतात, तेव्हा मी नसते. फोन केला तर ‘राहू दे चालू’.

नवीन माणूस मिळणार नाही. औषध स्वतः बदलायचा अधिकार मला नाही आणि नकोही. मेंदूज्वर, एंडोकार्डायटिस (हृदयाच्या आतल्या आवरणाचा संसर्ग), उलट्या होणारे किंवा तोंडाने काही न घेणारे रुग्ण मी आधीच वगळते. खरेदी जेनेरिकचीच आहे, त्यामुळे स्वस्त ब्रँड सुचवू नका.

तुमच्याकडे सर्जनांनी एकदाच सही करून दिलेल्या निकषांवर आरएमओ (निवासी डॉक्टर) परस्पर गोळी सुरू करतात का? आणि त्या कागदावर ताप, पांढऱ्या पेशी, आहार यांबद्दल नेमकं काय लिहिलंय?