वडिलांना मायलोमा (रक्ताचा कर्करोग), किडनीवर परिणाम : डायलिसिस पुढे सुटतं का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,
वडील ६७ वर्षांचे. पाठदुखी जुनीच, त्यामुळे डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी अधूनमधून चालूच असायचं. दिवाळीनंतर फार थकवा आला म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ७.८, क्रिएटिनिन (किडनी मंदावली की वाढतं ते) ४.९, कॅल्शियम ११.६. साध्या लघवी तपासणीत प्रोटीन नुसतं 'ट्रेस', पण २४ तासांच्या लघवीत भरपूर. किडनीच्या डॉक्टरांना तिथेच शंका आली, कारण साध्या तपासणीच्या पट्टीवर मुख्यतः अल्ब्युमिन हे प्रथिन कळतं, लाइट चेन (अँटिबॉडीचे छोटे प्रथिन-तुकडे) निसटतात. इलेक्ट्रोफोरेसिस, फ्री लाइट चेन आणि बोन मॅरो या तपासण्यांनंतर निदान : मल्टिपल मायलोमा.

आम्ही समजत होतो, किडनीचं दुखणं वेगळं आणि रक्ताचं वेगळं. पण मायलोमात बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या रक्तपेशी) इतक्या लाइट चेन सोडतात की त्या किडनीच्या नलिकांमध्ये तिथल्याच एका प्रथिनाशी चिकटून घट्ट होतात आणि नलिका तुंबतात. हाडांतून सुटलेलं कॅल्शियम आणि वेदनाशामक गोळ्या त्यात भर घालतात.

सध्या बोर्टेझोमिब, डेक्सामेथासोन ही मायलोमाची औषधं आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस. कोणाच्या घरी डायलिसिस सुटलंय का? आणि पाणी किती द्यायचं? मायलोमाच्या माहितीत तीन लिटर, काका म्हणतात किडनीवाल्याला मोजून द्या. हाडांचं झोलेड्रोनिकचं इंजेक्शनही थांबवलंय, ते का?

(गुळवेल-कोरफडीचे सल्ले नकोत, घरातूनच पुरेसे मिळतायत.)

प्रतिसाद
आमच्या आईचं सुटलं. क्रिएटिनिन मात्र पूर्ण उतरलं नाही, १.९ वर थांबलंय. सगळ्यांचं सुटतंच असं नाही. लाइट चेन किती लवकर आणि किती खाली येतात यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून नुसतं क्रिएटिनिन बघत बसू नका, फ्री लाइट चेनचे आकडे विचारत जा.

तीन लिटर हे लघवी नीट होणाऱ्यांसाठी. डायलिसिसवर असताना लघवी आणि वजन रोज लिहा, त्यावरून डॉक्टर पाणी ठरवतील. काकांना तेवढंच सांगा.

झोलेड्रोनिक किडनीतूनच बाहेर पडतं, म्हणून किडनी फार मंदावली की टाळतात. त्याऐवजी डेनोसुमॅब या हाडांच्याच दुसऱ्या इंजेक्शनचं विचारा, पण त्याने कॅल्शियम एकदम खाली जाऊ शकतं, तपासत राहावं लागतं.

अजून एक. सीटी स्कॅन सांगितला तर रंगद्रव्याचं इंजेक्शन देण्याआधी मायलोमा आणि क्रिएटिनिन दोन्ही सांगा. आणि फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडणं) करायची वेळ आलीच तर शिरा लागतील, त्यामुळे ज्या हाताने वडील लिहीत नाहीत त्यातून शक्यतो रक्त काढू देऊ नका. लॅबवाला ऐकत नाही, त्याला दरवेळी सांगावं लागतं.