परराष्ट्रमंत्री संसदेला उत्तर देतात की संसदेला माहिती देऊन सोडतात?

पटलावर:
परवा 'सीमापार' यांनी लिहिलं: "परराष्ट्र व्यवहार गुप्तच असायचे. खासदारांना त्यातलं काय कळतं? मंत्र्यांना प्रश्नोत्तराच्या तासात अडकवण्यापेक्षा लेखी उत्तर पुरे." आणि खाली टाळ्या. म्हणून जरा लांबण लावतो.

लोकसभेत दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न लागतात. उपप्रश्न फक्त तारांकितवर. हे २० सुद्धा एकट्या परराष्ट्र खात्याचे नसतात, त्या दिवशी पाळी असलेल्या सगळ्या खात्यांचे मिळून असतात. तासाभरात चार-पाच होतात, बाकीच्यांची उत्तरं पटलावर ठेवून मोकळे. म्हणजे मंत्री उभे राहून बोलणार ते सोडतीत नंबर वर लागला तर, आणि सभागृह चाललं तर. तुम्हाला तेवढंही खुपतंय?

लेखी उत्तर कसं असतं ते वाचा कधीतरी. प्रश्नाचे पाच भाग, उत्तर "(अ) ते (उ)" असं एकत्र, आणि मजकूर काय, तर देशाच्या सुरक्षेशी संबंधित सर्व घडामोडींवर सरकार सतत लक्ष ठेवून असतं. त्यावर उलट विचारायची सोय नाही.

सीमापार:
टाळ्या माझ्या मुद्द्याला होत्या, वाईट वाटून घेऊ नका. लडाखमधल्या डेपसांग-डेमचोकबाबत चीनशी सहमती २१ ऑक्टोबर २०२४ ला झाली. त्याआधी चार वर्षं कमांडर पातळीवर बोलणी चालू असताना "कुठून किती मागे सरकणार" हे दर आठवड्याला सभागृहात सांगायचं होतं का? आणि खरी चौकशी होते ती परराष्ट्र व्यवहारांच्या संसदीय स्थायी समितीत. ३१ खासदार, दार बंद, परराष्ट्र सचिव समोर. चीनशी झालेल्या डोकलाम तिढ्यावरचा २०१८ चा अहवाल तिथूनच आला.

पटलावर:
सचिव समोर, मंत्री नाही! स्थायी समितीपुढे साक्षीला मंत्री येत नाहीत. मंत्री येतात ते सल्लागार समितीत, आणि तिचे अध्यक्ष तेच. आपणच परीक्षार्थी, आपणच परीक्षक.

गुप्ततेचं म्हणाल तर करार करायला आपल्याकडे संसदेची मंजुरी लागतच नाही. कच्चथीवू बेटाचा श्रीलंकेशी १९७४ चा करार तसाच झाला. बांगलादेशशी भूभागांची अदलाबदल करायची म्हटल्यावर मात्र २०१५ मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती करावी लागली, कारण बेरुबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच सांगून ठेवलंय की भारताची जमीन द्यायची तर घटनादुरुस्ती हवी. सरकारला इतकी मोकळीक असताना निदान प्रश्न तरी नीट होऊ द्या.

मांडवीकाठ:
कच्चथीवू राहू द्या, आमच्या गोंयकारांचं बोला. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्यांना नोव्हेंबर २०२२ च्या पत्रकानंतर समर्पण प्रमाणपत्र (भारतीय पासपोर्ट परत केल्याचा दाखला) मिळेना, जुना पासपोर्ट थेट रद्द. प्रमाणपत्र नाही म्हणून ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड) नाही. रद्द केल्याचा कागद चालेल हे ठरायला एप्रिल २०२४ उजाडला. पासपोर्ट परराष्ट्र खात्याचा, ओसीआय गृह खात्याचं. एका प्रश्नात दोन्ही घातले की हे खातं त्या खात्याकडे बोट दाखवतं. याला उत्तरदायित्व म्हणायचं?

नियमवाला:
याला कच्चा प्रश्न म्हणायचं. १५० शब्दांची मर्यादा, १५ दिवस आधी सूचना, आणि विषय एकाच खात्याचा. "सरकारने कोणती पावले उचलली?" असं विचारणाऱ्याला "सातत्याने पाठपुरावा सुरू आहे" हेच मिळणार.

पाकिस्तानच्या तुरुंगातले पालघरचे मच्छीमार घ्या. २००८ च्या करारानुसार भारत-पाकिस्तान दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. मग विचारा: ताज्या यादीत मच्छीमार किती, राज्यवार किती, शिक्षा पूर्ण झालेले किती, त्यातल्या कितींचं नागरिकत्व आपण कळवलं, बोटी किती अडकल्यात. असं विचारलं की गोलमोल उत्तराला जागा उरत नाही. आणि "माहिती गोळा केली जात आहे, पटलावर ठेवू" असं आलं तर ते आश्वासन धरलं जातं: तीन महिन्यांची मुदत, वर आश्वासन समिती. किती खासदार त्याच्या मागे लागतात?

मांडवीकाठ:
वा! मंत्र्यांना सूट आणि खासदारांना शिकवणी! मित्रदेशाचा अनादर होतो म्हणून प्रश्न फेटाळायची सोय लोकसभेच्या नियम ४१ मध्ये आहेच. ती कोण वापरतं, खासदार?

नियमवाला:
आवाज चढवून नियम बदलत नाही. अनादर विशेषणात असतो, आकड्यात नाही. विशेषणं काढा.

पटलावर:
निवेदनाचं काय मग? लोकसभेत नियम ३७२: मंत्री निवेदन करणार, त्या वेळी प्रश्न नाही. ३ डिसेंबर २०२४ ला चीनवरचं निवेदन झालं, विरोधकांना स्पष्टीकरण मागू दिलं नाही, ते उठून गेले. राज्यसभेचा नियम २५१ शब्दाला शब्द तोच, पण तिथे स्पष्टीकरणं मागायची प्रथा आहे. ६ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेने परत पाठवलेल्या १०४ जणांबद्दल राज्यसभेत निवेदन झालं, खासदारांनी विचारलं, मंत्र्यांनी उत्तरं दिली. कोणतं गुपित फुटलं?

सीमापार:
तीच राज्यसभा तवांगमधल्या चीनशी झालेल्या चकमकीच्या वेळी, डिसेंबर २०२२ मध्ये, स्पष्टीकरणं नाकारून मोकळी झाली. प्रथा सभापतींच्या मर्जीवर. आणि "आधी संसद" या हट्टाची किंमतही बघा. इराकमधल्या मोसुलला आयसिसने मारलेल्या ३९ भारतीयांच्या मृत्यूची बातमी सुषमा स्वराजांनी २० मार्च २०१८ ला आधी राज्यसभेत दिली. घरच्यांना कळलं ते टीव्हीवरून. त्याच दिवशी लोकसभेत गोंधळामुळे त्यांना बोलताही आलं नाही. तरी चला, लेखीच्या जोडीला स्पष्टीकरणं असू द्या, तुमचा हट्ट म्हणून. पण गोंधळ घालणाऱ्यांनाही एखादा नियम लावा.

पटलावर:
एवढं म्हणायला तुम्हाला अख्खा धागा लागला, कृपा आहे. प्रथा मर्जीवर आहे म्हणूनच ती ३७२ मध्ये लिहून घ्या म्हणतोय: निवेदनानंतर अर्धा तास, प्रत्येक पक्षाला एक प्रश्न.

नियमवाला:
त्या अर्ध्या तासात भाषणंच होतील, बघा. मांडवीकाठ, तुमचा प्रश्न दोन तुकड्यांत टाका. लोकसभेत सध्या गृह खातं मंगळवारी, परराष्ट्र शुक्रवारी. मंगळवारी ओसीआयचे अडकलेले अर्ज, शुक्रवारी रद्द झालेले पासपोर्ट, दोन्ही वर्षवार.

मांडवीकाठ:
म्हणजे मंगळवारच्या उत्तराला शुक्रवारचं उत्तर बांधील नाही. तरी खासदारांकडे पाठवतो, विशेषणं काढून.