चिलीच्या 'आल्मिरान्ते' विनाशिका: दूरदृष्टी की महागडी हौस?

सागरवेध (धागाकर्ता)

दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण अमेरिकेतील बहुतेक नौदलांनी आपली गरज मोठ्या राष्ट्रांच्या वापरलेल्या जहाजांवर भागवली. १९५१ मध्ये अमेरिकेने ब्रुकलिन वर्गातील (वर्ग म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेली जहाजे) व तिच्याच धर्तीच्या सहा क्रूझर अर्जेंटिना, ब्राझील आणि चिली यांना प्रत्येकी दोन अशा विकल्या, म्हणजे कोणाचेच पारडे जड झाले नाही. असे असताना चिलीने मे १९५५ मध्ये ब्रिटनमधील बॅरो-इन-फर्नेस येथील व्हिकर्स-आर्मस्ट्राँगकडे दोन कोऱ्या विनाशिकांची मागणी नोंदवली. 'आल्मिरान्ते विल्यम्स' आणि 'आल्मिरान्ते रिवेरोस' या दोन्ही विनाशिका १९५८ मध्ये पाण्यात उतरल्या आणि १९६० मध्ये नौदलात दाखल झाल्या. लांबी सुमारे १२२ मीटर, पूर्ण भाराचे वजन सुमारे ३,३०० टन, वेग ३४ नॉटच्या पुढे. आकडे देखणे आहेत यात वाद नाही.

माझा आक्षेप खरेदीच्या पद्धतीला आहे. या जहाजांवर व्हिकर्सने चार इंची व्यासाच्या चार स्वयंचलित तोफा बसवल्या. नळी पाण्याने थंड ठेवणारी, मिनिटाला चाळीसच्या आसपास गोळे सोडणारी ही तोफ जगातल्या दुसऱ्या कोणत्याही वर्गाच्या जहाजांवर कधीच बसली नाही. याचा अर्थ असा, की तिची नळी, तिचे सुटे भाग, तिचे प्रशिक्षण हे सारे केवळ दोन जहाजांसाठी पस्तीस वर्षे सांभाळावे लागले. शिवाय जहाजे दोनच. त्यातले एक गोदीत गेले की वर्ग संपला. चिलीतील महागाईचा दर ज्या वर्षी ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेला होता, त्याच वर्षी ही मागणी नोंदवली गेली हेही लक्षात घ्यावे. लहान नौदलाने इतर दहा नौदले जे वापरतात तेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोलंदाज

तोफेविषयीचा आपला मुद्दा मला मान्य आहे, उलट आपण तो सौम्यपणे मांडला आहे. या तोफेचा पल्ला साडेअकरा किलोमीटरच्या आसपास होता, तर अमेरिकेच्या महायुद्धकालीन पाच इंची तोफेचा सोळा किलोमीटरच्या पुढे. म्हणजे समोर अशाच तोफांची, महायुद्धातली जुनी अमेरिकी फ्लेचर वर्गातील विनाशिका उभी राहिली, तर नव्या जहाजाला आधी कित्येक मिनिटे मार खात जवळ जावे लागणार. मात्र ही तोफ मुळात विमानांसाठी होती. ती पंचाहत्तर अंशांपर्यंत वर उचलता येत असे आणि चार तोफा मिळून मिनिटाला दीडशेहून अधिक गोळे आकाशात पाठवत. जेट विमाने आली होती, भरवशाची क्षेपणास्त्रे अजून आली नव्हती, अशा मधल्या काळाचे ते उत्तर होते. उत्तर हुशारीचे होते. प्रश्नच लवकर बदलला.

दक्षिणवारा

धागाकर्त्यांच्या निष्कर्षाशी मी अजिबात सहमत नाही, कारण जहाजाचे मोल त्याच्या पहिल्या शस्त्रावरून ठरवणे हेच चुकीचे आहे. याच बॅरोच्या गोदीत व्हिकर्सने व्हेनेझुएलासाठी 'नुएवा एस्पार्ता' वर्गातील तीन विनाशिका बांधल्या. त्यांवर साडेचार इंची सहा तोफा होत्या, ब्रिटिश नौदलात सर्रास वापरल्या जाणाऱ्या. आपल्या कसोटीला त्या पूर्णपणे उतरतात. जहाजेही दोन नव्हे तर तीन. पण त्या १९७० च्या दशकातच निवृत्त झाल्या, आणि चिलीची जोडी १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. प्रमाणित तोफ घेतली की आयुष्य वाढते, हे गणित इथे लागू पडत नाही.

चिलीच्या जहाजांवर आधी सीकॅट ही विमानविरोधी क्षेपणास्त्रे आली. पुढे १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमध्ये त्यांचे मोठे नूतनीकरण झाले आणि एक्झोसेट या जहाजविरोधी क्षेपणास्त्रांचे चार प्रक्षेपक बसले. मूळच्या पाच पाणतीर-नळ्या (टॉर्पेडो सोडणाऱ्या) काढून पाणबुडीविरोधी हलक्या नळ्या दिल्या गेल्या. चार इंची तोफेचा तोकडा पल्ला चाळीस किलोमीटर जाणाऱ्या क्षेपणास्त्राने भरून काढला. डिसेंबर १९७८ मध्ये बीगल सामुद्रधुनीच्या मुखाशी असलेल्या पिक्टन, लेनॉक्स आणि नुएवा या बेटांवरून अर्जेंटिनाशी युद्धाची वेळ आली, तेव्हा चिलीच्या ताफ्याकडे जी मोजकी क्षेपणास्त्रधारी जहाजे होती, त्यांत या दोघी होत्या. ही हौस म्हणायची?

सागरवेध

दक्षिणवारा, एक्झोसेटचा दाखला आपल्यालाच अडचणीत आणणारा आहे. अर्जेंटिनाने तीच क्षेपणास्त्रे अमेरिकेकडून घेतलेल्या सम्नर वर्गाच्या, महायुद्धात बांधलेल्या विनाशिकांवर बसवली होती. १९८२ च्या फॉकलंड युद्धात 'सेगी' या अशाच एका जुन्या जहाजावरून उतरवलेले एक्झोसेट अर्जेंटिनाच्या लोकांनी गाडीवर चढवून किनाऱ्यावरून डागले आणि 'ग्लॅमॉर्गन' ही ब्रिटिश विनाशिका जायबंदी केली. गाडीवरून जे डागता येते, त्यासाठी बॅरोहून कोरे जहाज मागवावे लागते, असे म्हणणे धाडसाचे आहे. (तीच 'ग्लॅमॉर्गन' पुढे १९८६ मध्ये चिलीने विकत घेतली, हा निराळाच योगायोग.)

सीकॅटबद्दल तर न बोललेले बरे. ही मंदगती क्षेपणास्त्रे बाळगणाऱ्या 'आर्डंट' आणि 'अँटिलोप' या ब्रिटिश फ्रिगेट त्याच युद्धात अर्जेंटिनाच्या विमानांनी बुडवल्या. १९७८ मध्ये अर्जेंटिनाकडे विमानवाहू जहाज आणि त्यावर स्कायहॉक विमाने होती. ती खरोखर आली असती तर 'विल्यम्स' आणि 'रिवेरोस' यांचे काय झाले असते, याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

माझगावकर

या चर्चेत आपल्याकडचा एक संदर्भ आणतो, तो ओढूनताणून आणलेला वाटणार नाही अशी आशा आहे. ब्रिटिश रचनेच्या लिअँडर वर्गातील फ्रिगेट भारताने माझगाव गोदीत बांधायला घेतल्या. पहिली 'नीलगिरी' १९६८ मध्ये पाण्यात उतरली, १९७२ मध्ये नौदलात आली आणि १९८१ पर्यंत अशी सहा जहाजे झाली. शेवटच्या 'तारागिरी' आणि 'विंध्यगिरी' या जहाजांत तर सी किंग हे जड हेलिकॉप्टर मावेल असे फेरफार आपल्या लोकांनी स्वतः केले. चिलीनेही लिअँडर घेतल्या, 'कोंडेल' आणि 'लिंच' या दोन. पण त्या ब्रिटनमध्ये बांधून. माझा प्रश्न नवे की जुने हा नाहीच. चिलीने १९५५ मध्ये जहाजाऐवजी आराखडा विकत का घेतला नाही, हा आहे.

दक्षिणवारा

माझगावकर, सहा जहाजांची मागणी असेल तर गोदीत यंत्रे आणि कारागीर उभे करणे परवडते, दोनसाठी नाही. चिलीची सरकारी जहाजबांधणी संस्था आस्मार हीच मुळी एप्रिल १९६० मध्ये स्थापन झाली, आणि पुढच्याच महिन्यात वाल्दिव्हियाचा ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला, आजवर मोजलेला सर्वांत मोठा. अशा देशाला आराखडा विकत घ्यायला सांगणे म्हणजे घर बांधायला निघालेल्याला आधी वीटभट्टी घाल म्हणण्यासारखे आहे.

सागरवेध यांच्या मुद्द्याला माझे उत्तर वेगळे आहे. आपण ज्यांना स्वस्त म्हणता त्या अमेरिकी जहाजांची किंमत पैशांत नव्हे, मर्जीत मोजावी लागे. १९७६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने चिलीला शस्त्रविक्री बंद केली. चिलीचे तेव्हाचे लष्करी हुकूमशहा पिनोचेत यांच्या राजवटीने जे केले ते पाहता ती बंदी मला योग्यच वाटते. पण नौदलाच्या हिशेबात तिचा अर्थ एवढाच होतो, की सगळा ताफा एकाच विक्रेत्याकडून घेतला असता तर सगळाच अडला असता.

गोलंदाज

ब्रिटनची मर्जी काय वेगळी होती? १९७४ मध्ये स्कॉटलंडमधील ईस्ट किलब्राइड येथे रोल्स-रॉइसच्या कामगारांनी चिलीच्या हंटर या लढाऊ विमानांची इंजिने दुरुस्त करण्यास नकार दिला आणि ती इंजिने वर्षानुवर्षे कारखान्याच्या आवारात गंजत पडली. फरक इतकाच, की तिथे संसदेआधी कामगारांनीच हात वर केले.

सागरवेध

अगदी बरोबर. आणि ज्या जहाजाच्या तोफेचा सुटा भाग जगात दुसरीकडे कुठेही मिळत नाही, त्याला विक्रेत्याची मर्जी सर्वांत जास्त सांभाळावी लागते. सम्नरचा भाग तैवानमध्ये, ब्राझीलमध्ये, ग्रीसमध्ये शोधता येत होता.

चिलीच्या नौदलाचे स्वतःचे मत त्याच्या पुढच्या व्यवहारांत दिसते. या जोडीनंतर त्याने एकही विनाशिका नव्याने बांधून घेतली नाही. १९८२ ते १९८७ या काळात त्याने ब्रिटिश नौदलाने वापरलेल्या काउंटी वर्गातील चार विनाशिका घेतल्या. चारही एकाच वर्गाच्या, एकमेकींचे सुटे भाग वापरू शकणाऱ्या.

दक्षिणवारा

त्या चारांपैकी पहिली १९८२ मध्ये आली. बीगलचा प्रसंग १९७८ चा आहे.