वडिलांची जुनी एफडी, शेअर सर्टिफिकेट, विमा: पैसे सरकारजमा झाले असतील तर परत कसे मिळवायचे?

पानसुपारी:
वडिलांच्या फायलीत चार गोष्टी सापडल्या. देना बँकेची एफडी पावती (मुदत २००९ मध्ये संपलेली), एका लिस्टेड कंपनीच्या १०० शेअरचं १९९४ सालचं कागदी सर्टिफिकेट, २०११ मध्ये मुदत पूर्ण झालेली एलआयसी पॉलिसी आणि तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेचं पासबुक. नॉमिनी कशातच नाही. वडील २०२३ मध्ये वारले. वारस आई, मी आणि बहीण. यातलं काय सरकारकडे गेलं असेल, ते कसं शोधायचं आणि सुरुवात कुठून करायची? एक एजंट मिळणाऱ्या रकमेवर टक्केवारी मागतोय.

खातेउतारा:
आधी हे समजून घ्या की सगळे पैसे एकाच ठिकाणी जात नाहीत. बँकेचे रिझर्व्ह बँकेकडे, शेअर आणि लाभांश आयईपीएफकडे (गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधी), विम्याचे ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत. तिन्हींचे शोध वेगळे आणि दावेही वेगळे. मी बँकेपुरतं लिहितो.

देना बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदात विलीन झाली, त्यामुळे शोधायचं बडोदाच्या नावाखाली. एफडीची मुदत संपल्यापासून १० वर्षं कोणी विचारलं नाही की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत (डीईए फंड) जाते. म्हणजे तुमची साधारण २०१९ मध्ये गेली असणार. हक्क मात्र संपत नाही, दाव्याला शेवटची तारीख नाही. आणि दावा रिझर्व्ह बँकेकडे नव्हे, आपल्या बँकेकडेच करायचा. बँक तुम्हाला पैसे देते आणि नंतर ते निधीतून वसूल करते. शाखेत कोणी "ते आता आरबीआयकडे गेलं, आमच्या हातात काही नाही" म्हणालं तर ऐकून परत येऊ नका.

शोध रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर. मोबाईल नंबरने नोंदणी, ओटीपी, मग खातेदाराचं नाव, बँक आणि पॅन, मतदार ओळखपत्र, लायसन्स, पासपोर्ट, जन्मतारीख यांपैकी किमान एक गोष्ट. खातं सापडलं की यूडीआरएन नावाचा क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. रक्कम दिसत नाही, ती शाखेतच कळते.

इथे लोक अडकतात ते स्पेलिंगवर. पोर्टल इंग्रजीत चालतं आणि जुन्या नोंदी कारकुनाने कानावर पडेल तशा केलेल्या. लक्ष्मणमध्ये 'एक्स' की 'केएस', वसंत 'व्ही'ने की 'डब्ल्यू'ने, आडनाव आधी की शेवटी, मधलं नाव पूर्ण की नुसतं आद्याक्षर, सगळे प्रकार घालून बघा. पॅनने सापडलं नाही तर जन्मतारखेने बघा, कारण जुन्या खात्यांना पॅन जोडलेला नसतो.

आणि पोर्टलवर नाही म्हणजे पैसे नाहीत असं नाही. १० वर्षं न झालेली निष्क्रिय खाती बँकेकडेच असतात, ती तिथे दिसणार नाहीत. पावती हातात आहे तर सरळ शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

व्याजाचं: मुदत संपल्यापासून निधीत जाईपर्यंत बचत खात्याच्या दराने. निधीत गेल्यावर १० मे २०२१ पर्यंत ३.५ टक्के आणि ११ मे २०२१ पासून ३ टक्के, सरळव्याज. हिशोब लेखी मागा.

रेव्हेन्यू स्टॅम्प:
शेअरचं प्रकरण सगळ्यात किचकट आणि बहुधा सगळ्यात जास्त पैशाचं तेच असतं. १९९४ पासून बोनस आणि स्प्लिट झाले असतील तर १०० चे किती झाले हे सर्टिफिकेटवरून कळणार नाही. कंपनीचं नावही बदललेलं असू शकतं.

सलग ७ वर्षं लाभांश कोणी घेतला नाही तर तो लाभांश आणि ते शेअर दोन्ही आयईपीएफकडे जातात (कंपनी कायदा २०१३, कलम १२४). आयईपीएफच्या साइटवर नावाने किंवा फोलिओ नंबरने (कंपनीकडचा भागधारकाचा खाते क्रमांक) शोधता येतं. फोलिओ नंबर सर्टिफिकेटवरच छापलेला असतो.

आता क्रम नीट वाचा, कारण तो चुकला की महिने वाया जातात. बहुतेक जण पहिल्याच दिवशी आयईपीएफ-५ हा दाव्याचा फॉर्म भरून टाकतात. तो शेवटी भरायचा.

१) कंपनीच्या रजिस्ट्रारला (आरटीए) फोलिओ नंबर देऊन पत्र पाठवा: आज किती शेअर, किती लाभांश, त्यातलं काय आयईपीएफकडे आणि काय कंपनीकडे, ते विचारा.

२) धारक हयात नसल्याने आधी वारसाच्या नावे ट्रान्समिशनची (मृताचे शेअर वारसाच्या नावावर करण्याची) कागदपत्रं. आयएसआर-५ फॉर्म, मृत्यूचा दाखला, दावा करणाऱ्याचं केवायसी (आयएसआर-१, सही बँकेकडून प्रमाणित करायला आयएसआर-२), बाकी वारसांचं ना हरकत, प्रतिज्ञापत्र, इंडेम्निटी बाँड (नुकसान झालं तर भरून देण्याची लेखी हमी). सर्टिफिकेटवर दुसरा जॉइंट होल्डर हयात असेल तर हे सगळं बरंच सोपं होतं, एकदा नीट बघा.

३) कागद पटले की कंपनी 'एन्टायटलमेंट लेटर' देते. यात तुमच्या नावावर किती शेअर आणि किती लाभांशाचा हक्क ते असतं. हे हातात येईपर्यंत आयईपीएफ-५ ला हात लावू नका.

४) मग एमसीए (कंपनी व्यवहार मंत्रालय) पोर्टलवर आयईपीएफ-५, वारसाच्या नावाने, वारसाच्या डीमॅट आणि बँक खात्यासह. वडिलांच्या नावाने नाही. फी काही नाही. डीमॅट खातं आधीच उघडून ठेवा आणि आधार, पॅन, डीमॅट, बँक चारही ठिकाणी नाव अक्षरशः एकच असू द्या.

५) फॉर्मची प्रिंट, एसआरएन (अर्जाचा क्रमांक) असलेली पोच, स्टॅम्पवरचा मूळ इंडेम्निटी बाँड, १ रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून सही केलेली आगाऊ पावती, मूळ सर्टिफिकेट, डीमॅटची क्लायंट मास्टर लिस्ट (खात्याच्या तपशिलाचा कागद), रद्द केलेला चेक, एन्टायटलमेंट लेटर, हे सगळं कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवा. लिफाफ्यावर 'आयईपीएफकडून परताव्याचा दावा' असं ठळक लिहा. पाठवण्याआधी प्रत्येक पान स्कॅन करा.

कंपनी पडताळणी अहवाल ऑनलाइन देते, मग आयईपीएफ प्राधिकरण मंजुरी देतं. त्रुटी निघाली तर मेल येतो आणि मुदतीत उत्तर गेलं नाही की दावा फेटाळला जातो. म्हणून फॉर्ममध्ये सायबर कॅफेवाल्याचा किंवा एजंटचा मेल टाकू नका. एका कंपनीसाठी आर्थिक वर्षात एकच एकत्रित दावा चालतो, त्यामुळे "आधी लाभांश, मग शेअर" असं तुकड्यांत करू नका.

पानसुपारी:
सर्टिफिकेटवर नुसतं आद्याक्षर आणि आडनाव आहे, आधारवर पूर्ण नाव. शिवाय उत्तराधिकार प्रमाणपत्र लागेलच का? कोर्टात जायची तयारी नाही.

दिवाणी कनिष्ठ स्तर:
नावाचं आधी. 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर वारसांनी करायचं. सोबत दोन्ही नावं जोडणारा एखादा जुना कागद हवा: शाळा सोडल्याचा दाखला, नोकरीचं सेवापुस्तक, जुनं रेशनकार्ड. नुसतं प्रतिज्ञापत्र बऱ्याचदा परत येतं. उद्या आईंच्या नावाने दावा करणार असाल तर त्यांचंही माहेरचं-सासरचं नाव तपासा, विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद काढून ठेवा.

कोर्टाचं: कागदी शेअरची किंमत एका कंपनीत ५ लाखांपर्यंत असेल तर सेबीच्या (शेअर बाजाराची नियामक संस्था) नियमांप्रमाणे उत्तराधिकार प्रमाणपत्राशिवाय, प्रतिज्ञापत्र, बाँड आणि बाकी वारसांच्या ना हरकतीवर काम होतं. कंपनी स्वतःहून ही मर्यादा वाढवू शकते, म्हणून विचारून बघा. त्याहून जास्त किंमत असेल तर मात्र उत्तराधिकार प्रमाणपत्र, मृत्युपत्र किंवा वारस प्रमाणपत्र असं काहीतरी लागतं. तलाठ्याकडची वारस नोंद सातबाऱ्यासाठी असते, ती इथे सहसा धरत नाहीत.

कोर्टात जायची वेळ आलीच तर एकाच अर्जात एफडी, शेअर, विमा सगळं यादीत घाला. नंतर एखादा फोलिओ राहिला म्हणून पुन्हा अर्ज, पुन्हा वर्तमानपत्रातली नोटीस, पुन्हा तारखा.

महाराष्ट्रात बाँडला आता ५०० चा स्टॅम्प लागतो. घरात पडलेला जुना १०० चा वापरू नका.

खातेउतारा:
एलआयसीचं थोडक्यात. दावा न केलेले पैसे १० वर्षांनी ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात. तिथे गेल्यापासून २५ वर्षांत मागितले नाहीत तर केंद्र सरकारचे होतात. म्हणजे बँकेसारखी कायमची मोकळीक इथे नाही. विमा भरोसा पोर्टलवरून कंपनीच्या शोधपानावर जाता येतं, नाव आणि जन्मतारीख लागते. दावा एलआयसीच्या शाखेतच.

एजंटला नको म्हणा. यातलं कुठलंच पोर्टल पैसे घेत नाही. टक्केवारी तर सोडाच, मूळ सर्टिफिकेट आणि कोरी सही केलेले कागद देणं त्याहून धोक्याचं. वाटलंच तर ठरावीक फी घेणारा कंपनी सेक्रेटरी गाठा.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, कंपनी किंवा आरटीए गप्प बसली तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार. दोन्ही ऑनलाइन, दोन्ही फुकट.

रेव्हेन्यू स्टॅम्प:
पतसंस्थेचं राहिलं. ती बँक नाही, त्यामुळे उद्गमवर दिसणार नाही आणि ठेव विम्याचं ५ लाखांचं संरक्षणही तिला नाही. संस्था चालू असेल तर पासबुक आणि मृत्यूचा दाखला घेऊन थेट तिथेच. बंद पडली असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात अवसायक (बंद संस्थेची येणी-देणी मिटवणारा अधिकारी) नेमलाय का ते विचारा आणि त्याच्याकडे लेखी मागणी नोंदवा. चारपैकी हे काम सगळ्यात आधी उरका. बाकीचे पैसे कुठेतरी सुरक्षित पडून आहेत, पतसंस्थेतल्या पैशांचा मात्र भरवसा नाही.