जेलची नखं तीन दिवसांत निघाली. पैसे परत मागणं चूक आहे का?

कणीकवाली: मावसबहिणीच्या साखरपुड्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा जेल एक्स्टेन्शन, म्हणजे आपल्या नखांवर जेलची लांब नखं, करून घेतली. कोथरूडमधलं सलॉन, नाव घेत नाही. ठरले १,२००, काउंटरवर झाले १,८५०. अंगठ्यावर मारलेली एक चंदेरी रेघ म्हणे 'नेल आर्ट'! तेही गिळलं. तिसऱ्या दिवशी कणीक मळताना अनामिकेचं नख कणकेत गेलं. सापडलं, पण कणीक टाकावीच लागली.

दाखवायला गेले तर तिथल्या मुलीने बाकीची नखं न भिजवता, खाली पट्टी घालून सरळ उचकटली. माझ्या नखांचे पापुद्रे सोबत निघाले. आता गरम चहाचा कप धरला तरी झोंबतं. वर मालकीणबाई म्हणतात, "भांडी घासली असतील तुम्ही." घासली! मग? निम्मे पैसे परत मागतेय. नवरा म्हणतो सोडून दे.

पेठेतला_काका: हौसेला मोल नसतं म्हणतात. तुम्ही तर मोल देऊन वर परत मागताय.

रंगारीण: ठाण्यात सहा वर्षं हेच काम करतेय, म्हणून दुसरी बाजू मांडते. क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी, मागे सारायची, नखाची चकाकी बफरने (बारीक घासणीने) घालवायची, तेलकटपणा पुसायचा, मग जेल. नीट केलं तर दीड-दोन तास जातात. आणि गिऱ्हाईक त्याच संध्याकाळी नखाने डब्याचं झाकण उघडतं! निघालेलं नख आठवडाभरात फुकट बसवून देतो आम्ही. पैसे परत मात्र नाही, माल आणि वेळ दोन्ही गेलेले असतात. एखादं नख गेलं तर वापर चुकला. किती सुटली होती? वेळ किती लागला होता?

कणीकवाली: चार. दोन्ही हात चाळीस मिनिटांत.

रंगारीण: मग त्यांचंच चुकलं. आणि उचकटणं तर नाहीच. वरचा थर घासायचा, अ‍ॅसिटोनचा कापूस, वर फॉइल, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. तरी पैशांच्या बाबतीत माझं मत तेच. नवीन सेट मागा.

वकिलीचं_दुसरं_वर्ष: ताई, ज्यांनी नखं सोलली त्यांच्याच हाती परत हात द्यायचा? सेवेत त्रुटी असेल तर ग्राहकाला दाद मागता येते, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगातही पाच लाखांपर्यंत फी नाही. बिलावर जीएसटी किती लावलाय तेही बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून सलॉनला १८ चा ५ टक्के झालाय.

कणीकवाली: बिल कुठलं? गुगल पेचा स्क्रीनशॉट आहे.

पेठेतला_काका: घ्या! बिल न घेता कोथरूडात खरेदी. आमच्याकडे पाव किलो चिवड्याचं पण घेतात.

वकिलीचं_दुसरं_वर्ष: काका, स्क्रीनशॉट पण पुरावा असतो. नखांचे फोटो काढून ठेवा, तारखेसकट.

सुगरण_नाशिक: मला दोघांचंही पटत नाही. भांडी घासणाऱ्या बाईने एक्स्टेन्शन करूच नये, हे सलॉनवाल्यांनी पैसे घ्यायच्या आधी सांगावं की नंतर? माझ्या वहिनीला सांगितलं होतं, तिने स्वतःच्याच नखांवर नुसतं जेल पॉलिश केलं, तीन आठवडे टिकलं.

रंगारीण: सांगतो हो आम्ही. ऐकतं कोण? साखरपुडा उद्यावर असतो.

कणीकवाली: मला कोणी सांगितलं नव्हतं. काल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून निम्मे पैसे मागितले. उत्तर आलं, 'पुढच्या वेळी वीस टक्के सूट देऊ.'

पेठेतला_काका: आता मात्र पैसे मागाच.

रंगारीण: हातांना खोबरेल चोळा आणि नखं आखूड ठेवा. महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतात, पापुद्रा गेलेला भाग पुढे सरकून कापला जायला चार-सहा महिने लागतील. आणि ती सूट घेऊ नका.