गुडघेदुखीची गोळी आणि रक्तदाबाची गोळी एकत्र चालते का?

प्रश्न (खानापूर)
माझ्या आईचे वय 64 असून तिला रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी रोज सकाळी असते. भाताची लावणी सुरू झाल्यापासून गुडघे धरल्यामुळे ती मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक 50 दिवसातून दोनदा घेते, त्यातली पहिली पहाटे नुसत्या चहावर. पाच दिवस झाले; कालपासून घोट्यापाशी बोट दाबले की खळगा राहतो. जेवणानंतर घेतल्यास चालेल का?

उत्तर (निपाणी, औषधविक्रेता)
डायक्लोफेनॅक थांबवावी आणि आजच डॉक्टरांना दाखवावे. जेवणानंतर घेतल्याने जळजळ थोडी कमी होईल, पण मला काळजी मूत्रपिंडाची वाटते. ही गोळी प्रोस्टाग्लँडिन नावाचे शरीरातले जे रसायन अडवते, त्याच्याच आधाराने मूत्रपिंडात रक्त आणणारी वाहिनी मोकळी राहते. टेल्मिसार्टन रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल करते, दुसरे औषध लघवीवाटे पाणी काढते, आणि या तिन्हींमुळे गाळण्याचा दाब एकदम उतरू शकतो. त्यात दिवसभर चिखलात वाकून काम करणारी बाई पाणी किती पिते, हे आपण जाणताच. रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की हे वाढते) व पोटॅशियम तपासावे, रक्तदाबही मोजावा, कारण वेदनाशामकाने तो चढतो. रक्तदाबाची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. पट्टीवरची उभी तांबडी रेघ चिठ्ठीशिवाय औषध न देण्यासाठी असते. आम्ही दुकानदारही ती पाहून न पाहिल्यासारखे करतो, हे कबूल करतो.

उत्तर (चिकोडी)
माझी आत्या विड्या वळते. पाठीसाठी ती डायक्लोफेनॅक आणि शेजारणीने दिलेली ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल अशा दोन गोळ्या घेत होती; नावे वेगळी असली तरी जात एकच, हे कोणाच्या लक्षात आले नाही. शिवाय हृदयासाठी ॲस्पिरिन 75 होतीच. शौचाला डांबरासारखे काळे होऊ लागले, तेव्हा लोहाच्या गोळ्यांमुळे असेल म्हणून आम्ही आठवडा घालवला. तो जठरातील रक्तस्राव निघाला.

प्रश्नकर्ता
गोळी बंद केली. क्रिएटिनिन 1.6, म्हणजे वाढलेले आले असून चार दिवसांनी पुन्हा तपासायचे आहे. दुखण्यासाठी डॉक्टरांनी पॅरासिटामॉल 500 दिली आहे. डायक्लोफेनॅकचे मलम लावले तर चालेल का?

उत्तर (निपाणी, औषधविक्रेता)
मलमातून रक्तात जाणारे औषध गोळीच्या मानाने फारच कमी असते, तरी पुढची तपासणी होईपर्यंत डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.