रिपोर्ट लिहिले, पण वाचले कोणी?

‘चुका लिहून ठेवल्या की टीम आपोआप शिकते’ असं सॉफ्टवेअरवाले सांगतात, मला ते अर्धंच पटतं. आम्ही नागपुरात, परसोडीच्या आयटी पार्कात. चुकांचे रिपोर्ट लिहायचो भरपूर, वाचत कोणी नव्हतं. एका रात्री डेटाबेसमधला कॉलम बदलणारी स्क्रिप्ट थेट प्रॉडक्शनवर (म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिमवर) चालली अन् बिलिंग ठप्प. रिपोर्ट विकीवर, म्हणजे कंपनीच्या नोंदींच्या साइटवर गेला. चार महिन्यांनी तीच चूक, माणूस दुसरा. पहिल्याने तोवर पुण्यात नोकरी धरली होती (नागपुरात हे नेहमीचंच), त्याच्यासोबत शहाणपणही गेलं.

मग तपासणी पाइपलाइनमध्येच घातली, म्हणजे कोड प्रॉडक्शनवर नेणाऱ्या आपोआप चालणाऱ्या टप्प्यांत. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या हुबेहूब सिस्टिमवर, न चाललेली स्क्रिप्ट आता पुढे सरकतच नाही. संस्था कशा शिकतात याचे अभ्यासक क्रिस आर्जिरिस यांनी १९७७ च्या लेखात ‘डबल लूप’ म्हणून मांडलेला फरक मला तेव्हा उमगला: चूक निस्तरणं वेगळं, ती होऊ देणारी पद्धत बदलणं वेगळं. २००१ च्या अजाइल (थोड्या थोड्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवायची पद्धत) जाहीरनाम्यासोबतचं बारावं तत्त्वही तेच म्हणतं, ठरावीक काळाने मागे वळून बघा आणि वागणं बदला. आपण ‘बघा’पर्यंतच पोचतो. रेट्रोत, म्हणजे झालेल्या कामाकडे मागे वळून बघायच्या मीटिंगमध्ये, मॅनेजर बसला असेल तर तेवढंही नाही. सगळे ‘सब बढिया’ म्हणून तर्री-पोह्यांकडे पळतात.